अटी कोणाच्या? लहान संगणकातील प्रोसेसर, बाजार आणि १९२९चे एक अटीपत्र

१

लहान संगणक घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो प्रोसेसरचा. इंटेल दाखवू की एएमडी? कितव्या पिढीचा? किती कोअरचा? प्रश्नाचा सूर असा असतो की निवड गिऱ्हाइकाने करायची आहे. पुस्तकाएवढ्या पेटीतला मिनी पीसी, पत्त्याच्या पानाएवढा एकपाटी संगणक, सात-दहा इंचांचा लॅपटॉप ही यंत्रे आज शाळेत, ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली आहेत. त्यांच्या बाबतीत ही निवड दुकानापर्यंत पोचण्याच्या आधीच झालेली असते, असे माझे म्हणणे आहे. बाजारात स्पर्धा आहे, ती खरी आहे, तिचा फायदाही झाला आहे. पण ती कोणाच्या अटींवर चालते, हा प्रश्न आपण विचारत नाही.

तो विचारण्यासाठी मी तीन मजकूर वाचणार आहे. पहिला १९२९ सालची एका बक्षिसाची जाहिरात, दुसरा २००५ सालची शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा आणि तिसरा २०२३ सालची भारत सरकारची एक अधिसूचना. तिन्ही यंत्रांविषयीचे आहेत. साहित्याला वाहिलेल्या अंकात असे मजकूर कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु अटीपत्र हाही एक मजकूरच असतो. त्याला कर्ता असतो, त्याच्या डोळ्यांपुढे कोणीतरी माणूस असतो किंवा नसतो, आणि त्यातले क्रियापद कोणाला लागू होते ते पाहिले की लिहिणाऱ्याची भूमिका उघडी पडते. कवितेचे वाचन आपण असेच करतो.

मी वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत राहतो. इलेक्ट्रॉनिक्सचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जुने बोर्ड उघडून, कंपन्यांची तांत्रिक पत्रके शब्दकोश घेऊन वाचून जे कळले तेवढेच माझे भांडवल. नालवाडीचा उल्लेख मात्र केवळ पत्ता म्हणून केलेला नाही. १९३२च्या डिसेंबरात विनोबा येथे राहायला आले. सूत कातून माणसाचे पोट भरते का, याचा हिशेब त्यांनी येथे स्वतः टकळी घेऊन मांडला. १९३४मध्ये ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले, त्यानंतर वालुंजकरांच्या देखरेखीखाली येथे चर्मालय उभे राहिले. जवळच मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योग संघाचे काम पाहत होते आणि १९३८च्या अखेरीस तेथे मगन संग्रहालय उघडले. अवजार कोणासाठी, त्याची किंमत कोणाच्या मिळकतीशी ताडून पाहायची, ते मोडले तर गावात दुरुस्त होईल का, हे प्रश्न या परिसरात नव्वद वर्षांपूर्वी रोजच्या कामाचे होते. संगणकाला हेच प्रश्न विचारले तर काय होते, एवढेच येथे पाहायचे आहे.

२

१९२९च्या जुलैमध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळी ही रक्कम ७,७०० पौंडांच्या बरोबरीची होती, आणि भारताबाहेरचे संशोधकही भाग घेऊ शकत होते. अटी थोडक्यात अशा. चरखा वजनाला हलका, इकडून तिकडे नेता येणारा, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता येणारा हवा. एखाद्या स्त्रीने त्यावर सलग आठ तास फार श्रम न होता काम करता आले पाहिजे. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट, म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर सूत निघाले पाहिजे. किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नको आणि तो भारतात तयार होणारा हवा. अधूनमधून दुरुस्ती करून तो निदान वीस वर्षे चालला पाहिजे, आणि सुट्या भागांच्या बदलीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होता कामा नये. यंत्र १९३०च्या ऑक्टोबरअखेर साबरमतीला आणून दाखवायचे. संशोधकाने हवे तर पेटंट घ्यावे, पण बक्षीस हवे असेल तर पेटंटचा हक्क संघाला द्यावा लागेल.

या मजकुरात एक माणूस आहे. ती झोपडीत बसलेली आहे, ती आठ तास काम करणार आहे, तिचे हातपाय दुखणार आहेत आणि तिच्याजवळ दीडशे रुपयांवर वर्षाला साडेसात रुपयांपलीकडे दुरुस्तीला पैसे नाहीत. यंत्राचा वेग मोजला आहे तो तिच्या आठ तासांच्या परिमाणात. चाती किती फेरे घेते, चाकाचा व्यास किती, लाकूड कोणते, याविषयी अवाक्षर नाही. ते संशोधकाने ठरवायचे. परिणामाच्या अटी वापरणारीच्या बाजूने आणि साधनांचे स्वातंत्र्य बनवणाऱ्याकडे, अशी ही वाटणी आहे.

आजचे कोणतेही संगणकाचे अटीपत्र याच्या नेमके उलटे असते. मी पाहिलेल्या शाळा-कार्यालयांच्या निविदांत अमुक पिढीचा प्रोसेसर 'किंवा समतुल्य', तमुक गिगाहर्ट्झ, इतके जीबी रॅम, असे सगळे चातीचे फेरेच लिहिलेले आढळतात. शाळेत दिवसाला किती तास वीज असते, यंत्र किती वर्षे चालले पाहिजे, पाचव्या वर्षी बिघडले तर काय खर्च येईल, हे त्यात बहुधा नसते. साधने घेणाऱ्याने ठरवायची आणि परिणाम बनवणाऱ्याच्या मर्जीवर सोडायचा, असा हा प्रकार आहे.

३

पूर्वी संगणकातही निवडीची एक खरीखुरी जागा होती. तिचे नाव सॉकेट. १९९०च्या दशकाच्या मध्यावर 'सॉकेट ७' नावाचा खाचा असलेल्या एकाच मदरबोर्डवर इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचा के-५ किंवा के-६ बसे आणि सायरिक्सचाही प्रोसेसर बसे. दोन जंपर बदलले की काम भागे. गल्लीतल्या जुळणी करणाऱ्याला तिन्ही कंपन्यांचे भाव ठाऊक असत, आणि गिऱ्हाइकाचे बजेट पाहून तो शेवटच्या क्षणी निर्णय घेई. स्पर्धा अक्षरशः त्याच्या टेबलावर चाले. १९९७मध्ये पेंटियम-२बरोबर इंटेलने स्वतःची वेगळी खाच आणली, १९९९मध्ये एएमडीने आपली आणली, आणि एक मदरबोर्ड म्हणजे एक कंपनी हा नियम झाला. तरीही त्या एका कंपनीतले कमी-जास्त दर्जाचे प्रोसेसर बदलता येत.

संगणक लहान होत गेला तशी ही जागाही गेली. २००१मध्ये तैवानच्या व्हीआयए कंपनीने १७ सेंटिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स बोर्डाची कल्पना मांडली. तिच्या एपिया बोर्डांवर व्हीआयएचाच प्रोसेसर कायमचा डाख देऊन बसवलेला असे. इंटेलचे चार इंचांचे 'नक' २०१२-१३च्या सुमारास आले, त्यातही बहुधा तेच. २०१२मध्ये ३५ डॉलरला आलेला रास्पबेरी पाय तर ब्रॉडकॉमच्या एका चिपभोवतीच रचलेला होता. अ‍ॅपलचा मॅक मिनी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. २००५मध्ये त्यात पॉवरपीसी प्रोसेसर होता, २००६मध्ये इंटेल आला, २०२०मध्ये अ‍ॅपलचा स्वतःचा एम-१. एकाच नावाच्या, जवळपास एकाच घडणीच्या पेटीत तीन वेगवेगळ्या कुळांचे प्रोसेसर येऊन गेले. कंपनीच्या दृष्टीने निवड तीनदा झाली, घेणाऱ्याला ती एकदाही नव्हती.

यात केवळ कंपन्यांचा कावा पाहणे बरोबर नाही. प्रोसेसर जी वीज खातो तिची उष्णता होते, आणि ती वीज ढोबळमानाने वेगाच्या प्रमाणात व व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लहान पेटीत मोठा पंखा मावत नाही, म्हणून प्रोसेसर कमी व्होल्टेजवर, कमी वेगावर चालवावा लागतो. सॉकेटला उंची लागते, त्याचे भाव लागतात, शेकडो टाचण्यांचे संपर्क सैल होण्याची भीती असते. स्मृती प्रोसेसरच्या अगदी जवळ पक्की बसवली की संदेशाला अंतर कमी पडते, वीजही वाचते. जानेवारी २०२३मध्ये आलेला इंटेलचा एन-१०० हा चार कोअरचा प्रोसेसर सहा वॅटच्या मर्यादेत बसतो आणि टंकलेखन, हिशेब, व्हिडिओ, शाळेची ऑनलाइन कामे एवढ्याला तो पुरतो. गणित मांडून पाहा. संपूर्ण मिनी पीसी दहा वॅट घेत असेल आणि जुना उभा डेस्कटॉप पासष्ट, तर दिवसाला सहा तास व वर्षाला २२० दिवस धरून एका यंत्रामागे सुमारे ७२ युनिट वाचतात. दहा यंत्रांच्या खोलीत सातशेहून अधिक. सौर पॅनेलवर चालणाऱ्या शाळेसाठी हा फरक खोली चालू की बंद एवढा मोठा आहे.

म्हणजे लहान होण्याने काही मिळाले आणि काही गेले. मिळालेले जाहिरातीत येते. गेलेल्याची किंमत मात्र पाच-सहा वर्षांनी कळते. विंडोज १०च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्यांची अखेरची तारीख १४ ऑक्टोबर २०२५ ही होती. २०२१मध्ये आलेल्या विंडोज ११ने मान्य प्रोसेसरांची यादीच दिली. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने २०१७च्या आठव्या पिढीपासून पुढचे. सॉकेट असलेल्या काही यंत्रांत निदान प्रोसेसर बदलण्याचा विचार तरी करता येतो. डाख दिलेल्या पेटीत तोही नाही. चालू, धडधाकट यंत्र एका यादीमुळे बाद ठरते. लिनक्स घालून ते पुढे वापरता येते, आणि शाळांनी तसे करावे असेच मी म्हणेन. पण तेवढे करून देणारा माणूस प्रत्येक गावात नसतो.

४

आता दुसरा मजकूर. जानेवारी २००५मध्ये निकोलस निग्रोपोंटे यांनी गरीब देशांतील मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना दावोसला मांडली. या मजकुराचा नायक मूल आहे असे सांगितले गेले. बारकाईने पाहिले तर नायक आहे तो आकडा. शंभर डॉलर हे यंत्राचे वर्णन नव्हते, तेच त्याचे नाव झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युनिसला नमुना दाखवला गेला, त्याला वीज निर्माण करायला हाताने फिरवायचा दांडा होता. कोफी अन्नान यांनी तो फिरवला आणि दांडा हातात आला. पुढच्या यंत्रातून तो गेला. हाताने चालणाऱ्या यंत्राची परीक्षा घेण्याची सवय असलेल्या गावातून पाहताना हा प्रसंग केवळ गमतीचा वाटत नाही. आठ तास ज्याने फिरवायचा त्याचा विचार झाला असता तर दांडा यंत्राच्या अंगाला जोडलाच नसता, पायाखाली आला असता.

तरीही प्रत्यक्ष तयार झालेले एक्सओ हे यंत्र मोठ्या कल्पकतेचे होते. भर उन्हात वाचता येणारा साडेसात इंची पडदा, साधारण वापरात मोजकेच वॅट घेणारी रचना, मुलांनी स्क्रू-ड्रायव्हरने उघडावे अशी बांधणी, आणि मुठीत दडवलेले जादा स्क्रू. त्यातला प्रोसेसर होता एएमडीचा जिओड, ४३३ मेगाहर्ट्झचा. या जिओडचे मूळ शोधत गेलो तर मघाशी आलेल्या सायरिक्सपाशी पोचतो. १९९७मध्ये नॅशनल सेमीकंडक्टरने सायरिक्स घेतली, तिच्या एका लहान चिपचे घराणे जिओड या नावाने चालवले आणि २००३मध्ये ते एएमडीला विकले. जुळणीवाल्याच्या टेबलावरचा तिसरा प्रतिस्पर्धी अशा वाटेने मुलांच्या हातात आला.

महाराष्ट्रात तो आला रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैरात या लहानशा वस्तीत. २००७च्या उत्तरार्धात तेथील एकशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत वीस-बावीस मुलांना ही यंत्रे मिळाली, आणि या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग म्हणून खैरातचे नाव देशाबाहेर पोचले. केंद्राच्या शिक्षण खात्याने २००६मध्येच या योजनेला नकार दिला होता, तिच्या शैक्षणिक पायावरच शंका घेतली होती. त्यामुळे हा प्रयोग सरकारी धोरणाबाहेरचा होता.

खैरातच्या मुलांना ठाऊक नसलेली एक लढाई तेव्हा ऐन भरात होती. एएमडी या प्रकल्पाच्या सुरुवातीच्या पाठीराख्यांपैकी एक. प्रतिस्पर्धी इंटेलच्या अध्यक्षांनी २००५मध्येच या यंत्राची 'गॅजेट' म्हणून वासलात लावली होती. २००६मध्ये इंटेलने आपल्या सेलेरॉन प्रोसेसरचा 'क्लासमेट' हा शाळकरी लॅपटॉप पुढे केला, आणि दोघेही त्याच देशांच्या त्याच शिक्षणमंत्र्यांची दारे ठोठावू लागले. मे २००७मध्ये निग्रोपोंटे यांनी अमेरिकी दूरचित्रवाणीवर इंटेलवर जाहीर टीका केली. जुलैमध्ये इंटेल प्रकल्पात सामील झाली. जानेवारी २००८मध्ये बाहेर पडली. तोपर्यंत तैवानच्या असुसने इंटेलच्याच प्रोसेसरवर सात इंची 'ई पीसी' बाजारात आणला होता, आणि २००८मध्ये इंटेलचा अ‍ॅटम आला. स्वस्त नेटबुकांची लाट उसळली.

येथे स्पर्धेचे श्रेय तिला दिले पाहिजे. शंभर डॉलरच्या घोषणेने घाबरवले नसते तर कंपन्यांनी एवढ्या लवकर स्वस्त, कमी विजेची यंत्रे काढली नसती. एक्सओ स्वतः शंभर डॉलरला कधीच मिळाला नाही, तो दोनशेच्या घरात गेला. पण त्याच्या धाकाने इतरांचे भाव उतरले. मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाचा फायदा झाला. मात्र नेटबुकात उन्हात दिसणारा पडदा आला नाही, मुठीतले स्क्रू आले नाहीत. भावाची स्पर्धा टिकली आणि ज्या गुणांसाठी यंत्र जन्माला आले ते गुण गळून पडले. कारण त्या गुणांची अट कोणी घातलीच नव्हती. अट होती ती आकड्याची.

पुढे २००९च्या सुरुवातीस एएमडीने जिओडच्या या मालिकेला वारस नसल्याचे सांगितले. त्याच बाह्यरूपाच्या पुढच्या यंत्रात व्हीआयएचा सी-७ बसला, त्याच्या पुढच्यात मार्व्हेलचा एआरएम जातीचा प्रोसेसर. एका शाळकरी यंत्राला काही वर्षांत तीन कंपन्यांची दारे पाहावी लागली. यातले कोणतेही वळण वर्गातल्या गरजेतून आलेले नाही. आणि प्रोसेसरच्या या धावपळीत मूळ शैक्षणिक प्रश्न तसाच राहिला. पेरूमध्ये ३१९ शाळांत झालेल्या अभ्यासात, यंत्रे मुलांपर्यंत पोचली पण गणित व भाषेतील गुणांत फरक दिसला नाही, असे २०१२मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्याकडच्या 'आकाश' टॅबलेटचीही कथा याच वळणाची. ऑक्टोबर २०११मध्ये तो ३६६ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरसह आला, त्यावर टीका झाली, प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला आणि नोव्हेंबर २०१२मध्ये एक गिगाहर्ट्झचा दुसरा आकाश जाहीर झाला. चर्चा सारी मेगाहर्ट्झची आणि रुपयांची. तिसऱ्या वर्षी बॅटरी कोण बदलणार, हा प्रश्न त्या चर्चेच्या कडेलाही आला नाही.

५

तिसरा मजकूर सर्वांत कोरडा आहे. ३ ऑगस्ट २०२३ रोजी परकीय व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढून शीर्षक ८४७१ खालील लॅपटॉप, टॅबलेट, ऑल-इन-वन, 'अल्ट्रा स्मॉल फॉर्म फॅक्टर' संगणक आणि सर्व्हर यांच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले. दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आणि नोव्हेंबरपासून नोंदणीची सौम्य पद्धत आली. लहान संगणक सरकारी मजकुरात स्वतंत्र नावाने आला तो असा. या मजकुरात माणूस नाही, वस्तूचा क्रमांक आहे. गंमत म्हणजे सवलतींच्या यादीत 'दुरुस्ती' हा शब्द आहे, पण तो परदेशातून दुरुस्तीसाठी आणून परत पाठवायच्या मालाविषयी आहे. गावातल्या दुरुस्तीशी त्याचा संबंध नाही.

स्पर्धेचा कायदा तरी गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलतो का? युरोपीय आयोगाने मे २००९मध्ये इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड केला. आरोप दोन प्रकारचे होते: आमचेच प्रोसेसर घ्या म्हणून संगणक बनवणाऱ्यांना सवलती, आणि एएमडीची यंत्रे उशिरा आणण्यासाठी किंवा रोखण्यासाठी पैसे. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंटेलने एएमडीशी १२५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. युरोपातला खटला पुढे तब्बल पंधरा वर्षे चालला. सवलतींविषयीचा निर्णय न्यायालयाने २०२२मध्ये रद्द केला, पैशांच्या भागासाठी आयोगाने २०२३मध्ये पुन्हा ३७.६ कोटींचा दंड लावला, आणि २०२४मध्ये सर्वोच्च पातळीवर सवलतींचा भाग आयोगाच्या विरोधात निकालात निघाला. पंधरा वर्षांत प्रोसेसरच्या कितीतरी पिढ्या येऊन गेल्या. आपल्याकडे २०१९मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने इंटेलच्या एका धोरणाच्या चौकशीचा आदेश दिला. २०१६पासूनचे ते धोरण असे की खोक्यातला सुटा प्रोसेसर भारतातल्या अधिकृत वितरकाकडून घेतला असेल तरच भारतात वॉरंटी. ही तक्रार महत्त्वाची होती. परंतु तीही सुटा प्रोसेसर घेणाऱ्यांची होती. डाख दिलेल्या पेटीच्या गिऱ्हाइकाला सुट्या प्रोसेसरचा बाजारच नसतो. त्याच्या वतीने तक्रार करायची तर कशाची?

६

माझ्या मांडणीवर एक सरळ आक्षेप आहे, आणि तो मला टाळायचा नाही. १९२९चे ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. अटी एवढ्या कडक होत्या की एकही यंत्र उतरले नाही. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी घडवलेला पेटीचरखा सुटसुटीत होता, पण तो एकाच चातीचा. अधिक चात्यांचा अंबर चरखा आला तो स्वातंत्र्यानंतर. १९५५च्या कर्वे समितीने त्यावर मोठी भिस्त ठेवली, आणि तोही सरकारी मदतीच्या आधारानेच चालला. मग वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेल्या अटी म्हणजे रिकामे बक्षीस, आणि बाजाराच्या अटी म्हणजे निदान हातात काहीतरी यंत्र, असे का म्हणू नये?

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. चरख्याचे चाक गावचा सुतार करतो, चाती लोहार सरळ करतो. प्रोसेसर जगातले मोजके कारखाने करू शकतात. नालवाडीच्या परंपरेतले अवजाराचे प्रश्न चिपला लावणे ही भावुकता झाली.

पहिल्याचे उत्तर असे की न दिलेले बक्षीसही काहीतरी सांगते. हे यंत्र अजून झालेले नाही, हे एक लाख रुपये हाती ठेवून सांगणे म्हणजे परीक्षेची किंमत राखणे होय. शंभर डॉलरच्या यंत्राची परीक्षा घेणारे कोणी नव्हते, म्हणून ते दोनशेला विकले गेले तरी घोषणा शंभराचीच राहिली. दुसऱ्याचे उत्तर अधिक अवघड आहे आणि त्यात मला आक्षेपाचा अर्धा भाग मान्य आहे. चिप गावात होणार नाही. मग अट चिपवर घालायची नाही, चिपच्या भोवतालच्या सांध्यांवर घालायची. जेथे एक भाग दुसऱ्याला जोडला जातो तेथे.

याचा दाखला विदर्भाच्याच माणसाने दिलेला आहे, तोही अगदी मोठ्या यंत्राच्या बाबतीत. अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१मध्ये परम ८००० उभा केला तो ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या टी-८०० या ट्रान्सप्युटर चिपांवर. त्या चिपचा पुढचा अवतार रखडला. सी-डॅक थांबली नाही. पुढच्या परममध्ये इंटेलचा आय-८६० आला, त्यापुढे स्पार्क जातीचे प्रोसेसर. चिप परकीच होती, पण अनेक चिपांना एकत्र काम करायला लावणारी रचना आणि आज्ञावली सी-डॅकच्या हातात होती. त्यामुळे प्रोसेसर बदलण्याचा निर्णय तिला घेता आला. शाळकरी एक्सओचे प्रोसेसर बदलले तेव्हा शाळेला कोणी विचारले नाही. दोन्हीकडे प्रोसेसर बदलले. एकीकडे घेणाऱ्याने बदलले, दुसरीकडे ते त्याच्यासाठी बदलले गेले.

आज मद्रास आयआयटीचा शक्ती, सी-डॅकचा वेगा हे रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावरचे प्रोसेसर आहेत. मुंबई आयआयटीचा अजित स्पार्कच्या रचनेवर आहे. त्यांचे स्वागतच आहे. मात्र आज्ञासंच खुला असणे आणि पेटी दुरुस्त करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वदेशी चिपही डाख देऊन अशी बसवता येते की तिच्याबरोबर सारे यंत्र भंगारात जावे.

तेव्हा शाळेने किंवा ग्रामपंचायतीने लहान संगणकाच्या अटी कशा लिहाव्यात? १९२९च्या मजकुरावरून त्या जवळपास जशाच्या तशा उतरवता येतात. कंपनीचे आणि प्रोसेसरचे नाव लिहू नये. काम लिहावे: मराठी टंकलेखन, हिशेब, व्हिडिओ, एका वेळी इतकी पाने उघडी. पूर्ण यंत्र कामात असताना इतक्या वॅटपेक्षा अधिक वीज घेणार नाही, आणि हे विक्रेत्याने मीटर लावून दाखवावे. प्रोसेसर पक्का असला तरी चालेल, पण रॅम आणि साठवणीचा भाग सुटा, बाजारात मिळणाऱ्या मापाचा असावा. वीजपुरवठ्याची पिन नेहमीची असावी. सुरक्षा-दुरुस्त्या निदान आठ वर्षे मिळतील आणि मोफत आज्ञाप्रणाली त्यावर चालते, हे लेखी घ्यावे. आणि पाच टक्क्यांची अट तशीच ठेवावी: वीस हजारांच्या यंत्राला सुट्या भागांचा वार्षिक खर्च एक हजारांहून अधिक नको.

हे अशक्य नाही. रास्पबेरी पायसारखी कंपनी आपला अमुक बोर्ड निदान अमुक सालापर्यंत बनवत राहू, असे आधीच जाहीर करते. तिचीही कसोटी २०२१ ते २०२३च्या टंचाईत लागली. तेव्हा माल आधी औद्योगिक गिऱ्हाइकांना गेला, घरगुती व शाळकरी गिऱ्हाईक रांगेत मागे राहिले. लेखी करार ज्याच्याजवळ असतो त्याला माल आधी मिळतो, असा त्याचा अर्थ. २०२३मध्ये इंटेलने नकचा धंदा सोडून असुसकडे दिला, तेव्हाही ज्यांच्याजवळ करार होता तेच निश्चिंत राहिले असणार.

एकट्या शाळेच्या दहा यंत्रांसाठी कोणतीही कंपनी आपली रचना बदलणार नाही, हे उघड आहे. पण वर्धा जिल्हा परिषदेच्या साऱ्या शाळांनी एकच अटीपत्र वापरले तर मागणी दहाची राहत नाही. चरखा संघानेही विखुरलेल्या कातणाऱ्यांच्या वतीने एक मजकूर लिहिला होता, एवढेच त्याचे सामर्थ्य होते. असा मजकूर मराठीत लिहिलेला असावा, त्यात वापरणारे मूल आणि शिकवणारी बाई दिसावी, आणि उतरणारे यंत्र मिळाले नाही तर निविदा रद्द करण्याची तयारी असावी. इंटेल की एएमडी, हा प्रश्न त्यानंतर विक्रेत्याने स्वतःलाच विचारायचा आहे.